मिसरचे सोने आणि बदामाचा बहर

पौषी किंवा माघी पौर्णिमेच्या सुमारास अलिबागजवळच्या खंडाळे येथे एका कातळापाशी काही कुटुंबे भक्तिभावाने जमतात. त्या कातळावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा उमटल्या आहेत, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. अग्निरथात बसून सदेह स्वर्गाला गेलेल्या एलियाहू हन्नाबी या यहुदी संदेष्ट्याचा तो रथ. जमणारी मंडळी घरी मराठी बोलतात. त्यांची आडनावे नवगावकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली. आणि प्रार्थना मात्र हिब्रू भाषेत. हे आपले बेने इस्राएल बांधव. फुटलेल्या गलबतातून नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात स्त्री-पुरुषांची जोडपी हे आपले पूर्वज, असे ते सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून कोकणाने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले होते.

आमच्या लहानपणी या दिवशी शेजारच्या घरातून मलिद्याची वाटी येत असे. पातळ पोहे, त्यांत ओले खोबरे, साखर, वेलदोड्याची पूड, वर बेदाणे आणि बदामाचे काप. बाजूला फळांच्या फोडी. तो कसला प्रसाद, असे आम्ही कधी विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी कळले, की ज्या दिवशी तो मलिदा येई, तो जगभरच्या यहुदी लोकांचा ‘तू बिश्वात’ म्हणजे झाडांच्या नववर्षाचा सण होय. आणि त्याच सुमारास त्यांच्या प्रार्थनामंदिरांत जी कथा वाचली जाते, ती मिसर देशाच्या, म्हणजे आजच्या इजिप्तच्या, सोन्याची आहे. झाड आणि दागिना यांची ही जोडी वरवर विजोड वाटते. ती तशी नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी सणाचे नाव. हिब्रू लिपीत अंक अक्षरांनीच लिहितात. पंधरा लिहायचे तर दहा आणि पाच यांची अक्षरे जोडावीत. परंतु त्या जोडीत परमेश्वराच्या नामाची अक्षरे येतात. ते नाव हिशेबात वापरणे हा प्रमाद. म्हणून नऊ आणि सहा यांची अक्षरे घेऊन ‘तू’ लिहितात. शेवात महिन्याचा पंधरावा दिवस तो तू बिश्वात. त्यांचे महिने आपल्यासारखेच चांद्र, आणि सौर वर्षाशी मेळ राखण्यासाठी त्यांनाही अधिक मास धरावा लागतो. एकोणीस वर्षांत असे सात. पंधरावा दिवस साहजिकच पौर्णिमेचा. २०२४ साली हा सण २५ जानेवारीला, बरोबर पौषी पौर्णिमेला आला. २०२५ साली माघी पौर्णिमेच्या १२ फेब्रुवारीला सूर्यास्तानंतर त्याचा आरंभ झाला.

हा मूळचा उत्सव नव्हेच; तो होता वसुलीचा दिवस. झाडांच्या उत्पन्नाचा दशांश धर्मकार्यासाठी काढायचा, तर कोणते फळ कोणत्या वर्षाचे हे ठरवायला एक रेषा हवी. ‘मिश्ना’ या प्राचीन संहितेत वर्षारंभाचे चार दिवस सांगितले आहेत. त्यांत झाडांच्या वर्षारंभाविषयी दोन गुरुपरंपरांचा मतभेद नोंदलेला आहे. शम्मायच्या अनुयायांनी शेवातची प्रतिपदा धरली, हिल्लेलच्या अनुयायांनी पंधरावा दिवस. हिल्लेलचे मत मान्य झाले. कारण असे दिले जाते, की तोवर त्या प्रदेशातला वर्षाचा बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो आणि झाडाच्या अंगात नवा रस चढू लागतो. लावलेल्या झाडाची पहिली तीन वर्षांची फळे खायची नाहीत, चौथ्या वर्षाची देवाची, पाचव्या वर्षापासून धन्याची, असा मोशेच्या शास्त्राचा दंडक आहे. झाडाचे वय मोजल्याशिवाय हा दंडक पाळता येत नाही, आणि मोजण्यासाठी हा दिवस लागतो.

या दिवसांत जेरुसलेमच्या डोंगरांवर जे झाड सर्वांआधी फुलते, ते बदामाचे. अंगावर एक पान नसते. थंडी पुरती सरलेली नसते. आणि काळ्या फांद्यांवर पांढरी-गुलाबी फुले उमलतात. हिब्रूत बदामाला ‘शाकेद’ म्हणतात, आणि त्याच धातूचा अर्थ ‘जागा राहणारा’ असा होतो. हे बदामाचे झाड वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते सोन्याचे होणार आहे.

यहुदी धर्मग्रंथाचे वर्षभरात पारायण होते, दर शनिवारी ठरावीक अध्याय. तू बिश्वातच्या आसपासच्या आठवड्यांत नेमके मिसरच्या दास्यातून सुटकेचे अध्याय येतात. निघण्यापूर्वी मोशेच्या सांगण्यावरून इस्राएल लोकांनी शेजारच्या मिसरी स्त्री-पुरुषांकडून सोन्याचांदीचे अलंकार आणि वस्त्रे मागून घेतली, आणि ते अलंकार मुलामुलींच्या अंगावर घालून ते बाहेर पडले, असे ग्रंथ सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतलेल्या श्रमांचे ते वेतन होते, असा जुन्या भाष्यकारांचा अभिप्राय आहे. या प्रस्थानाचा काळ आणि त्याचे ऐतिहासिक स्वरूप यांविषयी संशोधकांत एकमत नाही. परंतु मिसरी दागिना कसा असे, याविषयी मात्र संशय घेण्याचे कारण नाही. तो थडग्यांतून जसाच्या तसा सापडला आहे.

मिसरचा मुख्य कंठा म्हणजे ‘वेसेख’. या शब्दाचा अर्थच ‘रुंद’. गळ्यापासून छातीपर्यंत अर्धचंद्राकार पसरलेला, मण्यांच्या अनेक रांगांचा हा हार स्त्रिया घालीत, पुरुष घालीत, देवांच्या मूर्तींना आणि मृतांनाही घालीत. श्रीमंतांच्या हारात सोने, तांबूस अकीक, पिरोजा आणि पार बदक्षानच्या खाणींतून आलेला निळा राजावर्त. सामान्यांच्या हारात फायन्स. हे फायन्स म्हणजे मिसरी कारागिरीचे खरे रहस्य होय. गारेची किंवा शुभ्र वाळूची पूड, थोडा चुना, आणि नेट्रन हा खाऱ्या सरोवरांतला क्षार किंवा वनस्पतींची राख, यांत तांब्याचा अंश मिसळून ओलसर लगदा करीत. तो मळायला चिकणमातीसारखा सोपा नाही. हातात फुटतो, ढासळतो. मणी घडवून वाळत ठेवले, की पाण्याबरोबर आतले क्षार पृष्ठभागावर येतात आणि पांढरी साय धरल्यासारखे दिसतात. भट्टीत आठशे ते हजार अंशांच्या आचेत तीच साय वितळते आणि मणी चकचकीत निळा-हिरवा होऊन बाहेर पडतो. वरून मुलामा देण्याची गरजच नाही. मण्याने आपला मुलामा आपल्याच अंगातून काढलेला असतो. मिसरी लोक या पदार्थाला ‘झळाळणारा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. हा हिरवा-निळा रंग त्यांच्या लेखी कोवळ्या पिकाचा, नाईलच्या पुरानंतर उगवणाऱ्या जीवनाचा होता.

कारागीर काम करताना कसे दिसत, हेही ठाऊक आहे. साक्कारा येथील मेरेरुका या अधिकाऱ्याच्या थडग्यात ठेंगणे कारागीर रुंद हार ओवताना कोरलेले आहेत. थेब्जला रेखमिरे या वजिराच्या थडग्यात धनुकलीच्या साहाय्याने एकाच वेळी अनेक मण्यांना भोके पाडणारा कारागीर रंगवला आहे. आपल्याकडच्या पटवेकऱ्याच्या दुकानात ज्याने तासभर काढला आहे, त्याला ही चित्रे परकी वाटणार नाहीत.

आता झाडांकडे वळू. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात, आखेनातेन राजाच्या अमार्ना या राजधानीत, वेसेखचे साधे नळीसारखे मणी मागे पडले आणि बाग गळ्यात आली. कमळाच्या पाकळ्या, खजुराची फळे, द्राक्षांचे घोस, मँड्रेकची पिवळी फळे, शेतातली निळी फुले, यांच्या आकाराचे रंगीत फायन्सचे मणी साच्यांत काढून रांगांनी ओवले जाऊ लागले. १८९१-९२ च्या उत्खननात फ्लिंडर्स पेट्री यांना तेथे मातीचे असे साचे हजारोंनी सापडले. आपल्या बोरमाळेत बोर आहे, जोंधळी पोतेत जोंधळा आहे, चाफेकळीत चाफा आहे; अन्न देणारे आणि सुवास देणारे अंगावर मिरवावे, ही हौस बहुधा सर्व कृषिवल समाजांची सारखीच असावी.

या मण्यांच्या हारामागे खऱ्या पानाफुलांचा हार होता. मेजवानीला आलेल्या पाहुण्यांच्या गळ्यात तो घालीत. तूतांखामेनच्या अंत्यविधीनंतर पुरून ठेवलेल्या साहित्यात असे हार सापडले. डिसेंबर १९०७ मध्ये एका खड्ड्यातून निघालेले ते सामान त्या राजाच्या अंत्यविधीचे होते, हे हर्बर्ट विनलॉक यांनी पुढे ओळखले. पपायरसच्या कागदावर जैतुनाची पाने, निळी फुले आणि फायन्सचे मणी शिवलेले होते. राजाच्या सर्वांत आतल्या सोन्याच्या शवपेटीवरही तसाच हार होता. त्यात खजुरीच्या पात्यांवर ओवलेली, आपल्या अश्वगंधेच्या जातीची तांबडी फळे होती. कोणती फुले आणि फळे एकाच वेळी ताजी मिळतात याचा हिशेब करून पर्सी न्यूबेरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने अनुमान काढले, की राजाचे दफन मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरच्या काळात झाले असावे. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या एका शोकाचा ऋतू फुलांनी सांगितला; शेजारच्या मणभर सोन्याला ते सांगता आले नाही.

अशा देशातले अलंकार घेऊन इस्राएल लोक वाळवंटात उतरले. त्या सोन्याचे पुढे काय झाले? इथेच या कथेचा गाभा आहे, आणि गृहिणींनी तो विशेष ध्यानात घ्यावा असा आहे.

मोशे सीनाय पर्वतावर गेला आणि चाळीस दिवस परतला नाही. लोक धीर सोडून अहरोनापाशी आले आणि म्हणाले, आम्हांला दिसेल असा देव करून दे. अहरोनाने बायकामुलांच्या कानांतली सोन्याची कुंडले मागितली. ती वितळवून वासरू घडले, आणि छावणीत नाचगाणे सुरू झाले. मोशेने खाली येऊन ते वासरू जाळले, कुटून त्याची पूड केली, पाण्यात टाकली आणि ते पाणी लोकांना प्यायला लावले. यहुदी परंपरेतील एक जुने आख्यान असे, की त्या वेळी स्त्रियांनी आपली कुंडले द्यायचे साफ नाकारले. तेव्हा पुरुषांनी आपलीच कुंडले काढून दिली. या निश्चयाचे फळ म्हणून प्रत्येक महिन्याची प्रतिपदा स्त्रियांना कामातून सुटीचा दिवस म्हणून मिळाली, असे सांगतात, आणि काही घरांत ती आजही पाळली जाते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुन्हा मागणी आली. या वेळी ती निवासमंडपासाठी होती. ज्याच्या मनाला स्फूर्ती होईल त्यानेच द्यावे. आणि लोकांनी, स्त्रियांनी आणि पुरुषांनी, कुंडले, अंगठ्या, कंकणे इतकी आणली, की अखेर ‘आता पुरे’ अशी दवंडी छावणीत पिटावी लागली. स्त्रियांनी आपले काशाचे आरसेसुद्धा दिले; त्यांचे याजकांच्या प्रक्षालनाचे पात्र झाले. देणगीच्या कामी ‘पुरे’ म्हणावे लागल्याचे हे उदाहरण विरळाच म्हटले पाहिजे.

त्या सोन्यातून बसालेल नावाच्या कारागिराने जे घडवले, त्यातली मुख्य वस्तू म्हणजे सात ज्योतींचा दीपवृक्ष. वृक्ष हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. एक तालांत, म्हणजे सुमारे ३० किलो, शुद्ध सोने. सांधा नाही, एकाच गोळ्यातून ठोकून घडवलेला दांडा. त्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन फांद्या. आणि प्रत्येक फांदीवर तीन व मधल्या दांड्यावर चार अशा बदामाच्या फुलांच्या वाट्या, कळ्यांसह. मोजून बावीस फुले. एका मिसरी कुंडलाचे वासरू झाले, दुसऱ्याचा फुललेला बदाम झाला. महायाजकाच्या झग्याच्या काठाला सोन्याच्या घंटा आणि निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताची डाळिंबे आलटून पालटून लावली; छातीवरच्या पदकात बारा खडे चार रांगांत जडवले आणि प्रत्येकावर, मुद्रेवर कोरतात तसे, एकेका वंशाचे नाव कोरले. मिसरमध्ये शिकलेले हात येथे दिसतात. फायन्सच्या बागेतल्या डाळिंबाला आता नवा धनी मिळाला होता.

आणि मंडपाचे लाकूड? वाळवंटात इतक्या उंच फळ्या कोठून आल्या, हा प्रश्न जुन्या भाष्यकारांनाही पडला होता. त्यांचे उत्तर असे: याकोब वृद्धापकाळी मिसरला गेला, तेव्हा पुढे काय घडणार हे त्याने जाणले होते. त्याने झाडे लावली आणि मुलांना सांगून ठेवले, की येथून सुटाल त्या दिवशी ही तोडून बरोबर न्या. मंडप पाहायला तो राहणार नव्हता, मुलेही राहणार नव्हती. हाच याकोब पूर्वी शखेमजवळ असताना घरातल्या माणसांजवळच्या परक्या मूर्ती आणि त्यांच्या कानांतली कुंडले गोळा करून एका झाडाखाली पुरून आला होता. दागिना मातीत आणि झाड मातीत: एकाच माणसाच्या हातून झालेल्या या दोन कृतींवर मी कितीतरी वेळ विचार करीत बसलो आहे.

मिसरी धाटणीचे अलंकार घडवण्याची हौस आधुनिक जगात तीनदा उसळली. १८२२ मध्ये शाँपोल्याँने मिसरी चित्रलिपी उलगडली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. आणि ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टर यांच्या माणसांना तूतांखामेनच्या थडग्याची पहिली पायरी लागली. त्यानंतर पॅरिसच्या कार्तिए या पेढीने खऱ्या प्राचीन फायन्सचे तुकडे हिऱ्यांच्या कोंदणात बसवून विकले. आज मात्र ही कला पेढ्यांपुरती राहिलेली नाही. हौशी कारागीर घरच्या भट्टीत फायन्सचे मणी भाजतात, आणि भट्टी नसली तर तयार मण्यांवर वेसेख ओवतात.

ओवण्याची एक खुबी सांगण्याजोगी आहे. नव्याने करणारा सर्व रांगांना सारखेच मणी घेतो, आणि हार गळ्याभोवती सपाट न बसता वाटीसारखा उभा राहतो. आतली रांग लहान, बाहेरची मोठी. म्हणून बाहेर जाता जाता एक तर मणी वाढवावे लागतात, नाही तर खाली रुंद होत जाणारे मणी घ्यावे लागतात. नळीचे मणी उभे, शेजारी शेजारी. प्रत्येक रांगेच्या वर आणि खाली आडवा दोरा. दोन रांगांमध्ये बारीक चकत्या. शेवटच्या रांगेला थेंबाच्या किंवा फळाच्या आकाराचे लोलक. साऱ्या रांगांचे दोरे दोन्ही टोकांच्या अर्धगोल पट्ट्यांतून पलीकडे काढून एकत्र वळतात. हार जड असल्यामुळे पुढे ओघळतो. त्यासाठी मिसरी लोक पाठीवर एक तोललंब सोडीत. आपण फासा आणि गोंडा बांधून भागवू शकतो. आकृतींच्या निवडीत मात्र विवेक हवा. शेणकिडा, नेत्र, अंख ही मिसरच्या दैवतांची आणि तावीजांची चिन्हे आहेत. मूर्ती आणि प्रतिमा यांविषयी कठोर असलेल्या यहुदी घरात ती शोभत नाहीत. उलट पानाफळांचा अमार्नाचा हार कोठेही निःशंक चालतो. त्यात डाळिंब, खजूर, द्राक्ष आहेत; गहू, जव, अंजीर आणि जैतून यांचे मणी घातले, की इस्राएलभूमीची शास्त्रोक्त सातही पिके एका दोऱ्यात आली.

सोनाराच्या काट्यात तर एक झाड कायमचेच बसले आहे. कॅरोब या शेंगेच्या झाडाचे बी वजनासाठी वापरीत. त्याच्या ग्रीक नावावरून ‘कॅरट’ हा शब्द आला. आज तो २०० मिलिग्रॅमचा ठरलेला आहे. आपल्या सोनारांनी गुंज घेतली: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. युरोपातल्या थंड देशांत राहणाऱ्या यहुदी लोकांना तू बिश्वातला ताजी फळे मिळत नसत. तेव्हा पवित्र भूमीतून आलेली, प्रवासात टिकणारी कॅरोबची वाळलेली शेंग ते चघळीत. ती काही फार चवदार नसते, असे खाणारेच सांगतात.

याच शेंगेच्या झाडाची एक कथा तालमुद ग्रंथात आहे. होनी नावाच्या सत्पुरुषाला वाटेत एक माणूस कॅरोब लावताना दिसला. फळ धरायला किती वर्षे, असे होनीने विचारले. सत्तर, असे उत्तर आले. मग तू तितका जगणार काय? त्यावर तो म्हणाला, की मी जगात आलो तेव्हा पूर्वजांनी लावलेली झाडे मला मिळाली. मी माझ्या मुलाबाळांसाठी लावतो. पुढे होनीला झोप लागली ती सत्तर वर्षे. जागा झाला तेव्हा त्या माणसाचा नातू शेंगा गोळा करीत होता. कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. होनी आपल्या घरी गेला, विद्यालयात गेला. त्याला कोणीही ओळखले नाही, आणि त्या दुःखात त्याने मरण मागितले. झाडाला सत्तर वर्षे सोसतात, माणसाला ती सोसत नाहीत.

मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडले, आणि वसुलीचा दिवस कोरडा पडला. त्याला पुन्हा पालवी फुटली ती सफेदच्या गूढवादी साधकांच्या परंपरेत. फळांचे तीन वर्ग, प्रत्येकाची दहा फळे: सबंध खाण्याजोगी, आत आठळी असलेली, वर कवच असलेली. मंत्रोच्चारासह एकेक खायचे. बरोबर द्राक्षरसाचे चार पेले, पहिला शुभ्र, मग लाल मिसळत शेवटचा पुरा लाल. हा विधी सांगणारी पुस्तिका १७२८ मध्ये व्हेनिसला छापली गेली. झाडे लावण्याची चाल मात्र अलीकडची. १८९० मध्ये झेएव यावेत्झ या शिक्षकाने झिख्रोन याकोव्ह येथे विद्यार्थ्यांना घेऊन या दिवशी रोपे लावली. १९०८ पासून तेथील शिक्षकसंघाने ती सर्वत्र रूढ केली. दर सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती द्यायची असते, त्यामुळे २०२२ च्या तू बिश्वातला धर्मनिष्ठांनी लावणी केली नाही. या वृक्षारोपणाच्याही दोन बाजू आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डोंगरच्या डोंगर एकाच जातीच्या पाइनने भरले, आणि डिसेंबर २०१० मध्ये कार्मेल पर्वतावरच्या वणव्यात ४४ माणसे दगावली. काही वने तर १९४८ मध्ये ओस पडलेल्या पॅलेस्टिनी गावांच्या जागेवर उभी आहेत, आणि त्या गावांच्या लोकांना तिथल्या जुन्या जैतुनांची आठवण येते. वासराचे आणि दीपवृक्षाचे सोने एकच होते. लावणाऱ्याचा हातही तसाच दोन्ही कामी येतो.

आता पुन्हा कोकणात. १९४८ नंतर बेने इस्राएल मंडळी कोकण आणि मुंबई सोडून इस्राएलला जाऊ लागली. एके काळी सुमारे वीस हजार असलेला हा समाज भारतात आता काही हजारांवर आला आहे. जाताना त्यांच्या स्त्रियांच्या गळ्यात आपल्याच सोनारांनी घडवलेली काळ्या मण्यांची पोत होती, हातात पाटल्या होत्या. त्या अंगावर घालून नेता आल्या. परसातले माड नेता आले नाहीत. आमच्या शेजारचे कुटुंबही असेच गेले. विहिरीजवळचा त्यांचा माड पुढे पुष्कळ वर्षे धरत होता, आणि पाडेली नारळ उतरवून कोणाकडे द्यायचे ते विचारायला आमच्या दारी येई. आई काही नारळ देवळात देई, काही वाटून टाकी. मात्र मलिद्याच्या दिवसाच्या सुमारास एक तरी फोडून पोह्यांवर घालीत असे. मंत्र तिला येत नव्हते.

इस्राएलमध्ये गेलेली मंडळी तेथेही मलिदा करतात, आणि एलियाहूचे स्मरण करतात. सवड मिळेल तेव्हा काहीजण खंडाळ्याला येतात. कातळाजवळ ताट ठेवले जाते. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, भुईच्या फळाचा वेगळा, सुवासिक पानाफुलांचा वेगळा, असे एकेक हातात घेऊन म्हटले जातात. ताटात बहुधा खजूरही असतो. तो कोकणात पिकत नाही, बाजारातून आणावा लागतो. खोबरे मात्र तिथल्याच माडाचे.